आठ कप, एकच दूध

"माझं यंत्र काय ओमानला जाऊन डावखुरं होणार हाय व्हय?"

काचेच्या पार्टिशनपलीकडून हे वाक्य ऐकू आलं आणि मी कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले. वाक्य मला उद्देशून नव्हतं. चौगुले काका देसाई साहेबांशी बोलत होते. पण ज्या लॅपटॉपकडे बोट दाखवून बोलत होते, त्यावर मी केलेलं काम उघडलेलं होतं.

"का, काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"आवं, दुधाची नळी आपल्या यंत्राला उजव्या अंगाला हाय. हितं चित्रात ती डाव्या अंगाला गेली. तिथला माणूस चित्र बघून हात घालायचा, आणि हात पडायचा हीटरवर. त्यांची भाषा उलटी म्हणून यंत्र बी उलटं?"

साहेब हसले. मग दोघांनीही काचेतून माझ्याकडे बघितलं. मी मॉनिटरच्या मागे होता होईल तेवढी लहान झाले.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतली आमची कंपनी दूध तपासायची यंत्रं बनवते. खाली शेडमध्ये यंत्रं जुळवतात, वर माळ्यावर आम्ही तिघं त्यांचं सॉफ्टवेअर लिहितो. दुधाचे आठ कप यंत्राच्या रॅकमध्ये एका रांगेत ठेवायचे. यंत्र एकेका कपातलं दूध ओढून घेतं आणि फॅट किती, पाणी घातलंय का, याचे आकडे शेजारच्या कॉम्प्युटरवर एका टेबलात दाखवतं, दर कपाला एक रकाना आणि दर मोजमापाला एक ओळ. ते टेबल माझ्याकडे होतं. ओमानमधल्या एका डेअरीने पाच यंत्रं मागवली आणि सगळं अरबीत पाहिजे म्हणून सांगितलं. अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे नुसते शब्द बदलून भागत नाही. टेबलाचा पहिला रकाना उजव्या कडेला यावा लागतो, वरखाली सरकवायची पट्टी डावीकडे जावी लागते. यासाठी एक तयार आज्ञा असते. ती एक ओळ लिहिली की अख्खी खिडकी आरशात बघितल्यासारखी फिरते. मी ती लिहिली, दोन दिवसांचं काम दहा मिनिटांत झालं म्हणून खूश झाले. त्या आरशात यंत्राचं चित्रही फिरलं होतं, हे माझ्या डोळ्यांना दिसलंच नव्हतं. काकांना अर्ध्या मिनिटात दिसलं.

अण्णासाहेब चौगुले आमच्याकडे सर्व्हिसला होते. यंत्र विकलं गेलं की ते नेऊन बसवायचं, चालवून दाखवायचं, बिघडलं तर दुरुस्त करायचं, हे त्यांचं काम. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, शर्टाच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर आणि भडंगाची पुडी. त्या भडंगात लसूण नसे. जैन असल्यामुळे ते लसूण खात नसत आणि दिवस मावळल्यावर जेवत नसत. त्यामुळे कंपनीतली कुठलीही मीटिंग संध्याकाळी त्यांच्या डब्यापाशी येऊन थांबे. एकदा पुण्याहून एक मोठे ग्राहक आले होते, बोलणं अगदी रंगात आलं होतं, आणि काका उठले. साहेबांनी डोळे मोठे केले. काकांनी सरळ ग्राहकालाच विचारलं, "तुमी बी येताय का? तीन भाकरी हाईत, दिवस हाय तवर खाऊन घेऊ." तो गृहस्थ खरंच त्यांच्याबरोबर शेडच्या दारात जाऊन बसला. यंत्राचं बोलणं तिथेच भाकरी मोडता मोडता पक्कं झालं. पुढे कितीतरी दिवस साहेब म्हणायचे, "माझ्या प्रेझेंटेशनपेक्षा वहिनींची वांग्याची भाजी बरी."

सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली तर आम्ही तिला बग म्हणायचो. काका कधी म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, "खडा लागला." माळ्याचा लोखंडी जिना चढून यायचे, माझ्या टेबलाशी उभे राहायचे आणि सांगायचे, "भात चांगला झालाय. दोन खडे लागले." मग ते दोन खडे. कधी आवाज चढला नाही, पण खडा निघेपर्यंत जिन्याच्या फेऱ्याही थांबल्या नाहीत.

मी मूळची सातारची, म्हणून त्यांनी माझं नावच 'सातारा' ठेवलं होतं. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं. मराठी घरचीच, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की वाक्य आधी मनात तपासून घेते, आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो. म्हणून मी सगळं मेसेजवर सांगायची. शेजारी बसलेल्या मुलालासुद्धा मेसेज करायची. काका मेसेज वाचत नसत. फोन खिशात थरथरला की हाताने बाहेरूनच दाबून गप्प करायचे. "ए सातारा," ते जिन्याखालून हाक मारायचे, "काय टाकलंयस ते खाली येऊन तोंडानं सांग. ह्यो फोन नुसता गुदगुल्या करतोय."

त्यांची काम तपासायची पद्धत मला प्रथम विचित्र वाटायची. ते स्क्रीनकडे बघतच नसत. स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाकडे बघत. कुणालाही पकडून बसवायचे, वॉचमनला, चहा घेऊन येणाऱ्या मावशींना, आणि मागे हात बांधून त्यांची बोटं कुठे अडखळतात ते बघत राहायचे. मी लागल्यावर दोनच महिन्यांनी त्यांनी मला कराडजवळच्या एका गावच्या दूध संकलन केंद्रावर नेलं. पहाटे लोक कॅन घेऊन रांगेत उभे होते. आत आमचंच यंत्र, आमचंच सॉफ्टवेअर. आणि मॉनिटरच्या काचेवर लाल रंगाच्या तीन टिकल्या चिकटवलेल्या होत्या, बायका कपाळाला लावतात त्या.

"हे काय?" मी इतक्या हळू विचारलं की फक्त काकांनाच ऐकू गेलं.

"तूच इचार की तिला."

केंद्र चालवणारी बाई हसत म्हणाली, "आवं, एवढ्या ओळींत फॅट कुठला आन् पाणी कुठलं, गर्दीत घावत न्हाई. मग खूण केली. नवऱ्याला सांगितलंय, टिकलीच्या ओळीतला आकडा वाचायचा, बाकीच्यात डोस्कं घालायचं न्हाई."

परत येताना गाडीत, कराड मागे पडल्यावर काका म्हणाले, "तिनं तीन टिकल्यांत तुझं टेबल सुधारलं. राग आला न्हाई न्हवं?" राग आला नव्हता. मी पुढच्या आठवड्यात त्या तीन ओळी ठळक केल्या. काका जाऊन त्या बाईला नवं सॉफ्टवेअर देऊन आले, आणि तिने काढून दिलेल्या टिकल्या एका कागदावर चिकटवून माझ्या मॉनिटरच्या पायाशी ठेवल्या.

यंत्राचं चित्र डावखुरं झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ते मला मिरजेला घेऊन गेले. तिथे त्यांचे जुने मित्र बशीरभाई गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करतात. दुकानाच्या भिंतीवर नमाजाच्या वेळांचं छापील उर्दू कॅलेंडर होतं. म्हणजे टेबलच. काकांना तेच दाखवायचं होतं. पण स्वतः कॅलेंडरकडे न बघता ते बशीरभाईंच्या तोंडासमोर स्टूल घेऊन बसले.

"आज संध्याकाळचं टाइम वाच बरं."

"तुला कशाला? तू काय मशिदीत येणार हायस?"

"वाच रं गड्या. मला तुझं डोळं बघायचं हाईत."

"ह्या वयात माझं डोळं बघतोय," बशीरभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनींना सांगितलं पायजे." पण वाचलं. डोळे उजव्या कडेला गेले, तिथे तारीख सापडली, मग रांगेतून डावीकडे सरकत सरकत हव्या त्या वेळेपाशी थांबले. काकांनी मान हलवली. "बघितलंस? दार उजवीकडं हाय. आन् आकडं? आकडं आपल्यासारखंच, डावीकडनं उजवीकडं. म्हंजे घर फिरवायचं, आकडा फिरवायचा न्हाई. उलटं दिसतं, पण चालतं झ्याक."

"उलटं आमचं न्हवं, तुमचं," बशीरभाई म्हणाले. "आमचं सुलटच हाय."

काका मोकळेपणाने हसले. त्यानंतर त्यांच्या तोंडून 'उलटी भाषा' हा शब्द मी ऐकला नाही.

आठवडाभर त्यांनी माउस डाव्या हाताला ठेवून माझं टेबल छळलं. रकान्याची कड ओढून रुंद करायला जावं तर तो अरुंद होत होता. डावा बाण दाबल्यावर पुढच्या रकान्यात जायला पाहिजे होतं, तर मागच्या रकान्यात जात होतं. सगळ्यात वाईट म्हणजे उणे चिन्ह. दूध शून्याच्या किंचित खाली गोठतं, आणि त्यात पाणी असेल तर तो आकडा शून्याकडे सरकतो. त्या आकड्याच्या आधीचं उणे चिन्ह फिरून शेवटी जाऊन बसलं होतं. "पुढचा बैल मागं जुपलाय," काका म्हणाले. मी आकड्यांना वेगळं बांधून घातलं, बाण सुधारले, चित्र सरळ केलं. खडे एकेक करून निघत गेले. ओमानच्या डेअरीने ठरवून दिलेल्या भाषांतरकारानेही टेबल बघून छान म्हणून कळवलं. शेवटी काकांनी यंत्र आणि सॉफ्टवेअर जोडून पूर्ण चाचणी घ्यायची ठरवली. त्यानंतर यंत्र खोक्यात, आणि खोक्यामागोमाग काका विमानात. निवृत्त व्हायला त्यांना पाच महिने राहिले होते. परदेशातलं हे त्यांचं पहिलंच काम.

चाचणी दुपारी शेडमध्ये झाली. मी वर माळ्यावर जिन्याच्या तोंडाशी माझ्या लॅपटॉपवर तेच टेबल उघडून बसले होते. काकांनी चहासाठी आणलेली दुधाची पिशवी फोडली आणि आठही कप भरून रॅकमध्ये ठेवले. यंत्र घुमलं. आठ रकाने भरले. सगळे आकडे नीट, उणे चिन्हं आपापल्या जागी. खाली कुणीतरी टाळी वाजवली. "एकसुद्धा खडा न्हाई," काका साहेबांना म्हणाले.

आणि मला खडा दिसला.

यंत्र दूध घ्यायला नेहमी डावीकडच्या कपापासून सुरुवात करतं. तो एक नंबर. टेबल मी फिरवलं होतं, त्यामुळे एक नंबरचा रकाना स्क्रीनवर उजव्या टोकाला होता. रॅकवर नंबर लिहिलेले नसतात, कधीच नव्हते. आपल्याकडे लोक रॅक बघतात आणि टेबल बघतात, समोरासमोर लावतात. ओमानमध्येही तसंच करणार. मग उजव्या टोकाच्या कपासमोर उजव्या टोकाचा रकाना वाचणार, आणि तो आकडा असणार डाव्या टोकाच्या कपाचा. एकाचं दूध दुसऱ्याच्या नावावर. वाचायच्या गोष्टी फिरवायच्या होत्या, पण हे आठ रकाने वाचायचे नव्हतेच, ते रॅकचं चित्र होतं. यंत्राच्या चित्रासारखंच ते फिरवायला नको होतं. आठही कपांत एकाच पिशवीचं दूध होतं, आठही आकडे सारखेच होते, म्हणून ते कुणाला दिसणं शक्य नव्हतं.

मी मेसेज लिहिला. 'काका, रॅक आणि टेबलाची दिशा एकदा बघाल का?' मग पुसला. भाषांतरकाराने पास केलं होतं. काकांनी सगळ्यांसमोर एकसुद्धा खडा नाही म्हणून सांगितलं होतं. कदाचित मीच चुकत असेन. पुन्हा लिहिला आणि पाठवला. खाली काकांनी खिशावर हात दाबला. सुतार खोक्याच्या फळ्या घेऊन आला होता. जिना बारा पायऱ्यांचा आहे. मी उठून पहिल्या पायरीवर उभी राहिले. खाली दहा-बारा माणसं होती, हसत होती, काकांच्या पाठीवर थाप मारत होती. हातोड्याचे आवाज सुरू झाले. मी परत खुर्चीत जाऊन बसले.

ओमानमध्ये काय झालं ते काकांनी परत आल्यावर चहाच्या वेळी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी एका म्हाताऱ्याचं दूध, त्यात पाणी आहे म्हणून, परत गेलं. तिसऱ्या दिवशी तो भांडला नाही, ओरडला नाही, कॅन घेऊन दारात उभा राहिला. काकांना त्याची भाषा येत नव्हती. त्यांनी त्याला आत घेतलं, त्याच्या एकट्याचं दूध एका कपात भरलं आणि रॅकच्या उजव्या टोकाला ठेवलं. बाकी सात जागा रिकाम्या. आकडा उमटला तो डाव्या टोकाच्या रकान्यात.

"तवा डोस्क्यात उजेड पडला," काका म्हणाले. "पांढरी चिकटपट्टी घेतली, पाचही यंत्रांच्या रॅकवर एक ते आठ नंबर लिवून चिकटवलं. मग म्हाताऱ्याच्या घरी गेलो. हात जोडलं. त्यानं खजूर दिला, कॉफी दिली. कॉफी लय कडू, पण प्यालो." मग साहेबांकडे वळून म्हणाले, "रॅकवर नंबर मी हितंच लावायला पायजे हुतं. माझ्या ध्यानात आलं न्हाई."

एवढंच. टेबलाचं नाव नाही. दुपारी ते जिना चढून आले. "सातारा, तेवढं आठ रकानं रॅकपरमानं कर. बाकीचं आसू दे."

"काका, ते टेबल..." मी म्हणाले.

"टेबलाला काय झालंय? तपासलं कुणी? मी. सगळ्यात शेवटी हात ज्येचा, चूक त्येची. आन् एकाच पिशवीचं दूध आठ कपांत वतणारा शाना बी मीच." ते स्वतःवर हसले आणि उतरून गेले. त्यांना वाटत होतं की मलाही कळलं नव्हतं. मी पाठवलेला मेसेज त्यांनी अजूनही उघडलेला नव्हता. पुढेही कधी उघडला नसावा.

आठ रकाने मी त्याच दिवशी बदलले. ओळींच्या नावांचा रकाना उजव्या कडेला, आठ कप मात्र रॅकसारखे डावीकडून, आणि वर रॅकचं छोटं चित्र. ओमानहून पुन्हा तक्रार आली नाही, पुढच्या ऑर्डरला त्यांनी आणखी तीन यंत्रं मागवली. सगळं छान चाललं होतं. फक्त काकांच्या नावावर एक गोष्ट चिकटली. नव्या यंत्राचा खोका भरला जायचा तेव्हा शेडमधलं कुणीतरी हटकून विचारायचं, "काका, नंबर लावलं का?" काका म्हणायचे, "लावलं, लावलं. तुझ्या कपाळावर बी लावू का?" सगळे हसायचे. काकाही. मी वरून ऐकायची.

निरोपाचा कार्यक्रम शेडमध्येच केला, दिवस मावळायच्या पुष्कळ आधी, म्हणजे काकांना सगळ्यांबरोबर जेवता यावं. वहिनी आल्या होत्या. मिरजेहून बशीरभाई आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि काकांच्या शाल पांघरलेल्या रूपाकडे बघून म्हणत होते, "नवरदेव लय म्हातारा घावलाय." काका पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. शाल एका खांद्यावरून घसरत होती, ती ते दर थोड्या वेळाने वर ओढत होते.

साहेब चांगलं बोलले. भाकरीचा किस्सा सांगितला, टिकल्यांचाही सांगितला. मग म्हणाले, "इतक्या वर्षांत या माणसाने बसवलेल्या यंत्रात काही राहिलं, असं मला एकदाच ऐकायला मिळालं. ओमानला नंबर लावायचे विसरले! म्हणजे देव नाही, माणूसच आहे." हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, शालीला नंबर लावलाय का बघा!" काका हसले, मान डोलावली, हात जोडले. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी काकांकडे बघितलं आणि पदर सारखा केला.

"आणखी कुणाला बोलायचंय?" साहेबांनी विचारलं.

मी शेवटच्या रांगेत होते. उभी राहिले तेव्हा खुर्चीचा पाय फरशीवर घासला आणि सगळ्यांच्या माना वळल्या. माइक पुढे होता, तिथपर्यंत मी गेले नाही. काका खुर्चीतच पूर्ण मागे वळले, खुर्चीच्या पाठीवर हात टाकून. शाल खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. मी काहीतरी बोलणार आहे याचाच त्यांना इतका आनंद झाला होता की ते शेजारच्या बशीरभाईंना कोपराने ढोसत होते, बघ, बघ म्हणून.

मी म्हणाले, "काका काही विसरले नव्हते. ते टेबल मी चुकीचं फिरवलं होतं, आणि खोका बंद व्हायच्या आधी मला ते कळलं होतं. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवरून परत फिरले."